महताब बाग : यमुनेच्या गाळाखालून वर आलेले उद्यान

नदीकाठची बाग नागपूरकरांना परकी नाही. लाव्हा परिसरातील टेकड्यांत उगम पावणारी नाग नदी अंबाझरीहून शहरात शिरते आणि महाराजबागेला लागून पुढे जाते. चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेल्या १८७० च्या मध्य प्रांताच्या गॅझेटिअरात महाराजबागेसह तुळशीबाग, पालडी, सक्करदरा, सोनेगाव व तेलंगखेडी या भोसलेकालीन बागांची नोंद आहे. यांतील काही नावे आज केवळ वस्त्यांची नावे म्हणून उरली आहेत.

किल्ला पडला तरी त्याचा पाया व बुरूज उरतात. बागेचे तसे नसते. झाडे मरतात, हौद बुजतात, भिंतींच्या विटा लोक घेऊन जातात आणि शे-दोनशे वर्षांत त्या जागी शेत किंवा रान दिसू लागते. मग जमिनीखाली गेलेल्या बागेचा इतिहास लिहावयाचा कसा? या प्रश्नाचे भारतातील एक सविस्तर आणि उद्बोधक उत्तर आग्र्यास ताजमहालासमोर, यमुनेच्या पैलतीरी मिळाले. त्या जागेचे नाव महताब बाग. महताब म्हणजे चंद्रप्रकाश. सुमारे तीनशे वर्षे ही बाग विस्मृतीत गेली होती आणि तिच्या अवशेषांवर एक लोकप्रिय दंतकथा उभी राहिली होती. कुदळ आणि खुरपी यांच्या साहाय्याने ती दंतकथा कशी ढासळली, याची ही हकीकत आहे.

चारबाग आणि नदी

भारतातील मोगल उद्यानांची परंपरा बाबरापासून सुरू होते. १५२६ मध्ये आग्र्यास पोहोचल्यावर या प्रदेशात वाहते पाणी नाही, याची खंत बाबराने आपल्या आत्मचरित्रात नमूद केली आहे. मध्य आशियातील त्याच्या परिचयाच्या बागा डोंगरउतारावर असत. वरून येणारे झऱ्याचे पाणी पाटांतून टप्प्याटप्प्याने खाली उतरे. बागेचे चार समान भाग, त्यांना विभागणारे पाट आणि मध्यभागी हौद ही 'चारबाग' रचना त्याने सोबत आणली. यमुनेच्या पैलतीरी त्याने व त्याच्या सरदारांनी इतक्या बागा केल्या, की तेथील लोक त्या भागाला 'काबूल' म्हणू लागले, असे तो लिहितो.

काश्मीरमध्ये उतार आणि पाणी दोन्ही आयते मिळत असल्याने तेथील निशात बाग बारा टप्प्यांत उतरू शकली. सपाट प्रदेशात मात्र टप्पे माणसाने रचावे लागत. लाहोरच्या शालिमार बागेत १६४१-४२ मध्ये तीन टप्पे बांधण्यात आले. आग्र्यात या अडचणीतून एक वेगळाच प्रकार विकसित झाला. मुख्य इमारत बागेच्या मध्यभागी न ठेवता नदीच्या काठावर उंच चौथरा बांधून त्यावर ठेवावयाची आणि बाग चौथऱ्यामागे खालच्या पातळीवर पसरावयाची. चौथऱ्यावर नदीचा वारा मिळे, नावेतून येणाऱ्यास इमारतीचे पूर्ण दर्शन घडे आणि पुराचे पाणीही सहसा वर चढत नसे. मोगल वास्तुकलेच्या अभ्यासक एबा कोख यांनी या प्रकाराची सविस्तर चिकित्सा केली आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आग्र्याचा एक नकाशा जयपूरच्या राजसंग्रहात असून, त्यात यमुनेच्या दोन्ही काठांवरील बागांची रांगच दाखविलेली आहे. महताब बागही त्यात आहे.

तापीकाठापासून यमुनाकाठापर्यंत

या कथेची सुरुवात मात्र मराठी मुलुखाच्या शिवेवर होते. शहाजहानची पत्नी मुमताजमहल हिचा मृत्यू १७ जून १६३१ रोजी तापीकाठच्या बऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात झाला. ब्रिटिश अमदानीत बऱ्हाणपूर ज्या निमाड जिल्ह्यात होते, तो नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताचाच भाग होता. बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यासमोर, तापीच्या पैलतीरी जैनाबाद येथे आहुखाना नावाची शिकारबाग होती. मुमताजचे दफन प्रथम जैनाबादच्या बागेत तात्पुरते करण्यात आले. डिसेंबर १६३१ मध्ये तिचे पार्थिव आग्र्याकडे रवाना झाले. अलीकडे राजवाडा, पलीकडे बाग आणि मधून नदी ही बऱ्हाणपूरची मांडणी पुढे आग्र्यातही दिसते. मात्र तेथे राजवाड्याच्या जागी समाधी आली.

आग्र्यातील ताजमहालाची जागा अंबरच्या कछवाह राजघराण्याच्या मालकीची होती. तिच्या मोबदल्यात राजा जयसिंहास चार हवेल्या देण्यात आल्या. त्यासंबंधीचे २८ डिसेंबर १६३३ चे फर्मान उपलब्ध आहे. महताब बागेशेजारच्या गावाचे कछपुरा हे नावही याच घराण्याची आठवण देते. तेथे १५३० मधील, हुमायूनच्या काळातील मशीद आजही उभी आहे.

बागेची मांडणी

महताब बाग सुमारे ३०० मीटर लांबी-रुंदीची चौरस बाग होती. तिची रुंदी ताजमहालाच्या आवाराच्या रुंदीएवढी असून तिचा मध्य-अक्ष समोरच्या समाधीच्या अक्षाशी तंतोतंत जुळतो. हा योगायोग नव्हे. केवळ दक्षिण तीरावरचे आवार पाहिले, तर समाधी बागेच्या एका टोकाला, नदीकाठी ढकललेली वाटते. पैलतीरीची महताब बाग हिशेबात घेतली, म्हणजे समाधी संपूर्ण रचनेच्या अंतर्भागात येते आणि खुद्द यमुना आडव्या पाटाचे काम करू लागते.

बागेभोवती विटा व चुना यांची भिंत होती आणि चार कोपऱ्यांवर लाल दगडाचे अष्टकोनी बुरूज होते. त्यांपैकी आग्नेय कोपऱ्यातील बुरूज तेवढा शिल्लक आहे. नदीकडील बाजूस उंच चौथरा होता आणि त्यावर एक मोठा अष्टकोनी तलाव होता. या तलावात २५ कारंजी होती. तलावातील पाणी कोनाड्यांच्या भिंतीवरून पातळ पडद्यासारखे खालच्या लहान हौदात पडे. अशा कोनाड्यांना 'चिनीखाना' म्हणतात. दिवसा त्यांत फुलदाण्या आणि रात्री दिवे ठेवण्याची मोगल पद्धत होती. पडत्या पाण्याआडून दिव्यांचा प्रकाश झिरपावा, हा त्यामागचा हेतू. अष्टकोनी तलावाच्या स्थिर पाण्यात समोरच्या समाधीचे प्रतिबिंब पडे. चांदण्या रात्री बसण्यासाठी ही बाग केलेली होती, हे तिच्या नावावरून व मांडणीवरून स्पष्ट होते.

पाणी वर कसे चढे

कारंजे उडावयाचे तर पाणी आधी उंचीवर न्यावे लागते. सपाट प्रदेशातील मोगल बागांत हे काम बैल करीत. ताजमहालाच्या पश्चिमेस असलेल्या जुन्या जलव्यवस्थेत त्याचे अवशेष दिसतात. विदर्भातील शेतकऱ्याला ही पद्धत समजावून सांगण्याची गरज नाही. विहिरीवरची मोट, बैलांची उतरती धाव आणि पाणी ओतले जाणारे थारोळे हीच ती व्यवस्था. फरक एवढाच, की तेथे पाणी एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवीत शेवटी उंचावरील टाक्यांत साठविले जाई. तेथून ते जमिनीत पुरलेल्या खापरी नळांतून बागेत येई.

नळाच्या तोंडाजवळचे कारंजे जोरात आणि शेवटचे मंद उडू नये, यासाठी ताजमहालाच्या बागेत कारंज्यांखाली तांब्याची भांडी बसविलेली होती. नळाचे पाणी आधी भांडे भरी व मग कारंज्यातून वर येई. त्यामुळे सर्व कारंज्यांना सारखा दाब मिळे.

पुरातत्त्वाच्या दृष्टीने या तपशिलाला मोठे महत्त्व आहे. झाड मेल्यावर त्याचा माग काढणे कठीण असते. मात्र नळाचा तुकडा, चुन्याचा गिलावा, हौदाच्या तळाची पातळी आणि पाटाचा उतार या गोष्टी जमिनीत टिकून राहतात. दोन ठिकाणच्या पातळ्या मोजल्या, की पाणी कोठून कोठे वाहत होते, हे सांगता येते.

१६५२ चा पूर

बाग पूर्ण होऊन फार वर्षे झाली नव्हती, तोच यमुनेने आपला अधिकार दाखविला. १६५२ मध्ये कंदाहारची मोहीम फसल्यावर शाहजादा औरंगजेब याची दख्खनच्या सुभेदारीवर पुन्हा नेमणूक झाली. दक्षिणेकडे जाताना तो त्या वर्षाच्या डिसेंबरात आग्र्यास थांबला आणि तेथील इमारतींची पाहणी करून त्याने बादशहास पत्र पाठविले. पावसाळ्यात ताजमहालाचा घुमट गळतो, असे त्यात त्याने कळविले आहे. महताब बाग पुराच्या पाण्याखाली गेल्याने तिची रया गेली. परंतु अष्टकोनी तलाव व त्याभोवतीच्या इमारती सुस्थितीत आहेत, असाही त्यात मजकूर आहे.

बागेचा इतिहास लिहिणाऱ्यांना हे पत्र दोन कारणांसाठी मोलाचे वाटते. बागेचे नाव व अष्टकोनी तलाव यांचा लेखी पुरावा त्यातून मिळतो. दुसरे असे, की नदीकडचा चौथरा टिकला आणि खालची बाग बुडाली, हे त्यातून कळते. ज्या पाण्यासाठी बाग काठावर आणली, त्याच पाण्याने तिला पुढे बुजविले. वर्षानुवर्षांच्या पुरांनी भिंती पाडल्या, कोपऱ्यांचे बुरूज नेले आणि आत गाळ व वाळू भरली. १६५८ मध्ये शहाजहान आग्र्याच्या किल्ल्यात बंदिवान झाला आणि १६६६ मध्ये तेथेच मरण पावला. राजाश्रय गेलेल्या बागेतील गाळ उपसण्यास मग कोणी उरले नाही.

काळ्या ताजची दंतकथा

फ्रेंच जवाहिऱ्या झाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निए १६६५ मध्ये आग्र्यास आला होता. १६७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने लिहिले, की शहाजहानने नदीच्या पलीकडे स्वतःची समाधी बांधावयास आरंभ केला होता. पण मुलांशी झालेल्या युद्धामुळे ते काम थांबले. या एका विधानावर पुढे मोठी कथा रचली गेली. पलीकडची समाधी काळ्या संगमरवराची होणार होती, दोन्ही समाध्यांना जोडणारा पूल होणार होता, असे तपशील तिला चिकटले. ताजमहालात मुमताजची कबर बरोबर मध्यभागी आणि शहाजहानची बाजूला आहे, हाही पुरावा म्हणून सांगण्यात आला. प्रत्यक्षात तशीच असमान मांडणी आग्र्यातीलच इतिमाद-उद-दौला याच्या समाधीतही दिसते.

१८७१ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे ए. सी. एल. कार्लाइल यांनी पैलतीरीच्या अवशेषांची पाहणी केली. गाळातून डोकावणाऱ्या बांधकामाचा संबंध त्यांनी या दुसऱ्या समाधीशी जोडला. तेथे पडलेले काळे दगड पाहून वाटाडेही प्रवाशांना तेच सांगू लागले. दरबारी तवारिखांत अशा समाधीचा मागमूस नाही, ही गोष्ट मागे पडली.

उत्खननाने काय दाखविले

विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने हा परिसर खणण्यास घेतला, तेव्हा तेथे रानझुडपांनी झाकलेले वाळू-गाळाचे ढिगारे होते. १९९० च्या दशकात या कामास वेग आला. १९९६ पासून अमेरिकेतील सॅकलर कलासंग्रहालयाच्या सहकार्याने येथे संयुक्त अभ्यास झाला. त्याचे नेतृत्व उद्यान-इतिहासकार एलिझाबेथ मॉयनिहॅन यांच्याकडे होते. धोलपूरजवळची बाबराची कमळबाग १९७८ मध्ये त्यांनीच शोधून काढली होती. महताब बागेवरील अभ्यासाचा ग्रंथ २००० मध्ये प्रसिद्ध झाला.

खोदकामात दुसऱ्या समाधीचा पाया सापडला नाही. कार्लाइल यांनी पाहिलेले बांधकाम अष्टकोनी तलावाचे व चौथऱ्याचे निघाले. काळे दगड मुळात पांढरे असून काळाच्या ओघात ते काळवंडले होते, असे आढळले. तलाव, त्यातील कारंज्यांच्या जागा, कोनाड्यांची भिंत, लहान हौद, पाट आणि कोटाच्या भिंतीचा पाया एकामागून एक उघड झाले. औरंगजेबाच्या पत्रातील वर्णन आणि जमिनीतील अवशेष जुळले. २००६ मध्ये तलावाच्या एका भागाची पुनर्रचना करून त्यात पाणी भरण्यात आले, तेव्हा शुभ्र समाधीचे काळसर प्रतिबिंब त्यात स्पष्ट दिसले. काळा ताज कोठे असेल, तर तो या पाण्यातच, असे म्हणता येते.

अशा उत्खननाची रीत वसाहतीच्या उत्खननाहून थोडी वेगळी असते. विदर्भातील गावांत जिला पांढरी म्हणतात, त्या जुन्या वस्तीच्या मातीत खापरे, राख, हाडे व नाणी थरांनी साचलेली असतात. बागेच्या मातीत असे काही फारसे नसते. तेथे मातीच हाच पुरावा असतो. नदीने आणून टाकलेला गाळ कोठे संपतो आणि माळ्याने तयार केलेली खतावलेली माती कोठे सुरू होते, हे रंगावरून व पोतावरून ओळखावे लागते. खड्ड्याची माती आजूबाजूच्या मातीपेक्षा सैल व गडद असल्याने झाडाच्या आळ्याची जागा कळू शकते. माती पाण्यात कालवून चाळली, की जळून कोळसा झालेल्या लाकडाचे कण व बिया वर येतात आणि त्यांवरून वनस्पतीची जात ठरविता येते. महताब बागेतही असा वनस्पतिशास्त्रीय अभ्यास झाला. पुनर्लागवड करताना मोगलकालीन झाडे निवडण्याचा प्रयत्नही करण्यात आला.

नदी परत येते

नदीकाठच्या वारशाला असलेला धोका केवळ पुराचा नाही. २००२-०३ मध्ये आग्र्याचा किल्ला व ताजमहाल यांच्या दरम्यान यमुनेच्या पात्रात भराव टाकून बाजारपेठ व सहलीचे ठिकाण उभारण्याची ताज कॉरिडॉर योजना सुरू झाली. देशभर विरोध झाल्यावर २००३ मध्ये ती थांबवावी लागली. पात्रात भराव घातला, की प्रवाह दुसऱ्या काठाकडे रेटला जातो आणि जमिनीखालील अवशेषांवर नवी माती चढते.

जुलै २०२३ मध्ये यमुनेला मोठा पूर आला. १९७८ नंतर प्रथमच तिचे पाणी ताजमहालाच्या नदीकडील भिंतीला लागले. पैलतीरी महताब बागेतही पाणी शिरले. औरंगजेबाच्या पत्रातील चित्र ३७१ वर्षांनी पुन्हा दिसले. ताजमहालाचा चौथरा या पुरातही अबाधित राहिला. काठावरील भुसभुशीत जमिनीत विहिरींसारखे खोल पाये घेऊन तो उभारलेला आहे. नदी केव्हा ना केव्हा काठापर्यंत येणार, हे बांधणाऱ्यांनी गृहीत धरले होते.

नागपूरच्या बागांसाठी

महाराष्ट्रातही या परंपरेचे धागे आहेत. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील बीबी का मकबरा हा चारबागेतच उभा आहे आणि त्याचा वास्तुकार अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरी याचा मुलगा होता. नागपूरच्या भोसल्यांच्या बागा पुढच्या काळातील व वेगळ्या राज्यसत्तेच्या. परंतु त्यांचाही आधार तलाव, विहिरी व नदी हाच होता. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. १८६४ मध्ये महालातील राजवाडा जळाला. भोसल्यांच्या अंबाझरी तलावाचा बांध वाढवून १८७३ मध्ये तेथून शहराला नळाने पाणी देण्याची सोय झाली. महाराजबाग पुढे प्राणिसंग्रहालय व कृषिशिक्षणाचे आवार म्हणून टिकली आणि आज ती डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या ताब्यात आहे.

यमुनेच्या पुरानंतर दोनच महिन्यांनी, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. तेव्हापासून नदीचे खोलीकरण, संरक्षक भिंती व पात्राची स्वच्छता हे विषय शहराच्या ऐरणीवर आहेत. ही कामे आवश्यकच आहेत. मात्र जुन्या बागेच्या आवारात किंवा तिच्या कडेला यंत्राने खोदाई होते, तेव्हा मातीचे थर एका दिवसात नाहीसे होतात आणि ते पुन्हा रचता येत नाहीत.

महताब बागेचा अनुभव येथे उपयोगी पडणारा आहे. त्यासाठी मोठे उत्खननच हवे असे नाही. खोदाईपूर्वी आवाराच्या पातळ्या मोजून त्यांचा नकाशा करणे, जुन्या विहिरी व मोटेच्या धावांची नोंद घेणे, खापरी नळाचा अथवा चुन्याच्या हौदाचा तुकडा निघाल्यास त्याची जागा व खोली लिहून ठेवणे आणि जुने महसुली नकाशे त्यांच्याशी ताडून पाहणे, एवढे केले तरी पुढील अभ्यासकाच्या हाती पुरेसे साधन राहील. आग्र्यात तलावाच्या आठ बाजू गाळाखाली शाबूत राहिल्या, म्हणूनच तीनशे वर्षे सांगितली गेलेली चुकीची गोष्ट दुरुस्त करता आली.